सगळे भाग जुळतात, तरी ही बिल्ड संतुलित का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुटे भाग निवडून गेम खेळण्यासाठी संगणक जोडायचा आहे, म्हणजेच बिल्ड करायची आहे. मॉनिटर आधीच घेतलेला आहे, १४४०पी (२५६० x १४४० पिक्सेल) आणि १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ चित्रं दाखवणारा. त्यासाठी तुम्ही काढलेली यादी म्हणजे रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, एक्स८७० मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या ८ जीबीच्या चार स्टिक, ८ जीबीचं आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, जेन ५ (पीसीआय एक्सप्रेसच्या पाचव्या पिढीची) एसएसडी, ५५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा) आणि समोरून पूर्ण काचेचं कॅबिनेट. खेळणार मुख्यतः सायबरपंक २०७७ सारखे मोठे कथाप्रधान गेम, अधूनमधून काउंटर-स्ट्राइक २. सुसंगतता तपासणाऱ्या साइटवर सगळ्यापुढे हिरवी खूण आली आहे. मग बिल्ड संतुलित आहे का, आणि दोन-तीन वर्षांनी काय बदलावं लागेल?

मशीन चालू होईल. सॉकेट जुळतो, रॅमचा प्रकार जुळतो, कार्ड कॅबिनेटात बसतं. हिरव्या खुणेचा अर्थ तेवढाच. तुम्ही जे खेळणार आहात त्याच्या दृष्टीने मात्र प्रोसेसर दोन पायऱ्या वर आहे, ग्राफिक्स कार्ड दोन पायऱ्या खाली, आणि एसएमपीएस मला अजिबात पटलेला नाही. यादी कुठून सुरू करायची हे कळलं की बाकीचे निर्णय सोपे होतात, म्हणून आधी तेच सांगतो.

सुरुवात मॉनिटरपासून करायची. प्रत्येक फ्रेमचं, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राचं, काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांत वाटलेलं असतं. कोण कुठे आहे, कोणाला गोळी लागली, गर्दीतली माणसं कुठे वळणार, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय रंगवायचं याचे आदेश ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतो. कार्ड ते पिक्सेल रंगवतं. रिझोल्यूशन वाढवलं की वाढतं ते मुख्यतः कार्डाचं काम. १०८०पी मध्ये एका फ्रेमला साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी मध्ये ३६.९ लाख, ४के मध्ये ८२.९ लाख. प्रोसेसरचं काम तिन्ही ठिकाणी जवळपास तेवढंच राहतं.

म्हणजे तुमच्या मशीनला एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम) दोन वेगवेगळ्या मर्यादा आहेत. एक प्रोसेसरची, जी रिझोल्यूशनने फारशी हलत नाही. दुसरी कार्डाची, जी रिझोल्यूशन आणि सेटिंगनुसार खाली-वर होते. दोन्हींपैकी जी कमी, तेवढे एफपीएस तुम्हाला मिळणार. या मर्यादा चाचण्यांमधून काढता येतात. चांगली प्रोसेसर चाचणी सर्वांत ताकदवान कार्ड लावून १०८०पी वर घेतलेली असते, कारण तिथे कार्ड आड येत नाही. त्यातला आकडा ही प्रोसेसरची मर्यादा. कार्डाच्या चाचणीत उलट, प्रोसेसर सर्वांत वेगवान असतो. तिथला तुमच्या रिझोल्यूशनचा आकडा ही कार्डाची मर्यादा. तुम्ही खरोखर खेळणार असलेल्या तीन-चार गेमसाठी हे दोन आकडे शेजारी लिहा. नावं आणि जाहिराती बाजूला ठेवून निर्णय घ्यायला एवढं पुरतं.

समजा एखाद्या जड गेममध्ये तुमच्या यादीतल्या कार्डाची मर्यादा १४४०पी ला ६० आहे आणि ९८००एक्स३डी ची १८०. मिळणार ६०. आता प्रोसेसर बदलून १३० मर्यादेचा घेतला तरी मिळणार ६०च. पण कार्ड १०० मर्यादेचं घेतलं, तर दोन्ही प्रोसेसरवर १०० मिळतील. तुमच्या यादीची अडचण ही आहे. एक्स३डी प्रोसेसरवर जास्तीचा कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) बसवलेला असतो, ९८००एक्स३डी मध्ये एकूण एल३ कॅशे ९६ एमबी. त्याचा खरा फायदा स्पर्धात्मक शूटर, फ्लाइट सिम्युलेटर आणि मोठी राज्यं चालवायच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये दिसतो, कारण तिथे प्रोसेसरची मर्यादा आधी आडवी येते. काउंटर-स्ट्राइक २ अशाच जातीचा गेम आहे. पण तुम्ही तो अधूनमधून खेळता आणि मॉनिटर १६५च फ्रेम दाखवतो. १६५ च्या वर गेलेल्या एफपीएसमुळे प्रतिसाद किंचित सुधारतो, इतकंच. रोज तीन-तीन तास स्पर्धात्मक खेळत असतात तर माझं उत्तर वेगळं असतं.

दोन भागांची नावं घालून ‘बॉटलनेक (बाकीच्यांना अडवणारा भाग) इतके टक्के’ सांगणारे कॅल्क्युलेटर पाहू नका. एकच जोडी एका गेममध्ये कार्डावर अडते आणि दुसऱ्यात प्रोसेसरवर, तेव्हा तो एक आकडा कशाचा असणार? बॉटलनेक नाहीच अशी बिल्ड नसते, कोणीतरी एक नेहमी शेवटी पोचतो. कथाप्रधान गेम खेळणाऱ्याने तो शेवटचा भाग ग्राफिक्स कार्ड असेल असं पाहावं. कार्डामुळे एफपीएस कमी पडले तर ते बहुधा एकसारखे कमी पडतात आणि दोन सेटिंग खाली आणली की सुधारतात. प्रोसेसर कमी पडला की गेम अडखळतो, शहरात शिरताना झटके बसतात, आणि ग्राफिक्सची सेटिंग खाली आणूनही फारसा फरक पडत नाही. म्हणून चाचणी वाचताना सरासरीबरोबर ‘१ टक्का लो’ हा आकडाही पाहा. सर्वांत मंद फ्रेम किती मंद होत्या ते त्यात कळतं, आणि हाताला जाणवतात त्या याच फ्रेम.

मग प्रोसेसर अगदीच साधा घेतला तर चालेल का? नाही, आणि याला कारण अपस्केलिंग, म्हणजे चित्र लहान रंगवून मोठं करून दाखवणं. एनव्हिडियाचं डीएलएसएस किंवा एएमडीचं एफएसआर ‘क्वालिटी’वर ठेवलं की १४४०पी चं चित्र आतून साधारण ९६० ओळींवर रंगवलं जातं, म्हणजे १०८०पी पेक्षाही कमी. कार्डाची मर्यादा वर सरकते आणि प्रोसेसरची मर्यादा एकदम जवळ येते. ४के ला ‘परफॉर्मन्स’ मोडवर आतलं चित्र चक्क १०८०पी असतं, त्यामुळे ‘४के ला प्रोसेसर कोणताही चालतो’ हा सल्ला आता जुना झाला. रे-ट्रेसिंगमध्येही (प्रकाशकिरण कसे जातील ते मोजून चित्र रंगवणं) किरणांच्या हिशेबासाठी दृश्याची रचना सतत अद्ययावत ठेवावी लागते आणि त्याचा काही भार प्रोसेसरवर येतो. फ्रेम जनरेशनचं गणित वेगळं. ते मधल्या फ्रेम स्वतः तयार करतं, चित्र गुळगुळीत दिसतं, पण माउसचा प्रतिसाद मूळ एफपीएसचाच राहतो. मूळ एफपीएस ६० च्या आसपास असतील तरच ते वापरण्यात अर्थ आहे. बिल्ड ठरवताना ते हिशेबात धरू नका.

या सगळ्याचा विचार करता तुमच्यासाठी रायझन ५ ९६००एक्स पुरेसा आहे. सहा कोअर, ६५ वॅट टीडीपी (कूलर निवडायला दिलेला उष्णतेचा आकडा), आणि कथाप्रधान गेममध्ये मर्यादा बहुतेक ठिकाणी शंभराच्या वर.

आता ग्राफिक्स कार्ड. इथे माझा खरा आक्षेप ८ जीबीला आहे. व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, कमी पडली की एफपीएस हळूहळू घसरत नाहीत, एकदम कोसळतात. कारण आकड्यांत दिसतं. आरटीएक्स ५०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने चालते. ती भरली की उरलेला डेटा मुख्य रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने परत आणावा लागतो. या कार्डाला १६ ऐवजी आठच लेन (डेटा जाण्या-येण्याच्या वाटा) आहेत. जेन ५ स्लॉटमध्ये आठ लेन म्हणजे सेकंदाला सुमारे ३२ जीबी, जेन ४ बोर्डावर १६, आणि जुन्या जेन ३ बोर्डावर अवघे ८. ज्या डेटाला ४४८ चा रस्ता होता तो ३२ च्या बोळातून यायला लागला की गेम थबकतो, टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) धूसर राहतात, भिंतीवरची अक्षरं उशिरा उमटतात. एफपीएसचा आकडा कधी कधी ठीकच दिसतो, कारण गेम गुपचूप हलकी टेक्श्चर लावून वेळ निभावतो. चाचणीतले आलेख पाहून हे लक्षात येत नाही, शेजारी-शेजारी चित्रं पाहावी लागतात.

२०२५ मध्ये आलेल्या डूम: द डार्क एजेस या गेमला रे-ट्रेसिंग हार्डवेअर अनिवार्य आहे आणि त्याची किमान अट ८ जीबी व्हीरॅमची आहे. आजची किमान अट ज्याने जेमतेम पुरी होते ते कार्ड १४४०पी साठी, तेही काही वर्षं वापरायला, घेऊ नका. रे-ट्रेसिंग आणि फ्रेम जनरेशन दोन्ही आणखी व्हीरॅम खातात. शिवाय अपस्केलिंगने काम जितकं हलकं होतं तितकी व्हीरॅमची गरज कमी होत नाही, कारण टेक्श्चर तीच राहतात.

१४४०पी साठी मी १२ जीबी ही खालची पायरी धरतो आणि जमलं तर १६. तुमच्यासमोर दोन सरळ पर्याय आहेत: एनव्हिडियाचं १२ जीबीचं आरटीएक्स ५०७० किंवा एएमडीचं १६ जीबीचं आरएक्स ९०७०. डीएलएसएस जास्त गेममध्ये मिळतं, आणि सायबरपंकमध्ये पूर्ण पाथ ट्रेसिंग (रे-ट्रेसिंगचा सर्वांत जड प्रकार) लावून खेळायचं असेल तर एनव्हिडियाकडे झुकायला कारण आहे. तेवढा हट्ट नसेल तर मी ९०७० घेईन, त्या जास्तीच्या चार जीबीसाठी.

रॅमकडे येतो. चार स्टिक नकोत. चार खाचा दिसल्या की भरून टाकाव्याशा वाटतात, पण डीडीआर५ च्या मेमरी कंट्रोलरवर प्रत्येक चॅनेलला दुसरी स्टिक आली की ताण वाढतो. एएमडीने रायझन ९००० साठी दिलेला अधिकृत वेग पाहा: दोन स्टिकला ५६००, चारला थेट ३६००. प्रत्यक्षात थोडा जास्त मिळतो, पण त्याची खात्री कोणी देत नाही. १६ जीबीच्या दोन स्टिकचा एकाच पाकिटातला संच घ्या, ६००० वेग आणि सीएल३०. सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती चक्रं घेते; हा आकडा एकटा वाचू नका. त्याला २००० ने गुणून वेगाने भागलं की नॅनोसेकंद मिळतात: ६००० सीएल३० म्हणजे १०, ६००० सीएल४० म्हणजे १३.३. वेग तोच असूनही दुसरी रॅम उशिरा उत्तर देते. पाकिटावर ‘एक्स्पो’ (एएमडी बोर्डांसाठी रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) लिहिलेलं असेल तर बरं. दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहील. रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड तिच्याशी जुळवून घेणं) चालू असतं, घाबरून बटण दाबून बंद करू नका.

मदरबोर्ड बी८५० वर्गातला पुरे. एक्स८७० मध्ये यूएसबी४ सारख्या सोयी असतात, गेममध्ये एफपीएस वाढत नाहीत. बी६५० चा चांगला बोर्ड मिळत असेल तर तोही चालेल. फक्त तो जुन्या साठ्यातला असेल तर ९००० मालिकेसाठी बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट लागेल, म्हणून मागे फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते पाहून घ्या. त्याने प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येतं. बोर्डाची पुस्तिका खरेदीआधी उतरवून एम.२ खाचांच्या (एसएसडी लावायच्या) तळटिपा वाचाच. काही बोर्डांवर दुसऱ्या खाचेत एसएसडी लावली की ग्राफिक्स कार्डाच्या लेन सोळाच्या आठ होतात, काहींवर साटाची (जुन्या प्रकारच्या ड्राइव्हची) दोन पोर्ट बंद पडतात. हिरव्या खुणेत हे बहुधा येत नाही.

इंटेलकडे वळलात तर एक फरक ध्यानात ठेवा: एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे असे दोन्ही मिळतात आणि खाच वेगळी असल्याने एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. नवा एलजीए १८५१ फक्त डीडीआर५ चा. आणि इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड बिघडलं तर पडद्यावर काहीच येणार नाही.

एसएमपीएसवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकी भाग चुकले तर गेम हळू चालतो आणि हा चुकला तर मशीन जातं. तुम्ही पाठवलेल्या लेबलच्या फोटोवर मोठ्या अक्षरात ५५० वॅट आहे. खालचा तक्ता वाचा: १२ व्होल्टपुढे ३२ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले ३२ म्हणजे ३८४ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून ५५० ची बेरीज केलेली आहे. आता तुमचा भार मोजा. ९८००एक्स३डी ला जास्तीत जास्त १६२ वॅट घ्यायची मुभा असते, ५०६० ला १४५, बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून पन्नासेक. झाले साडेतीनशेच्या वर, आणि हे स्थिर आकडे आहेत. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी याच्या कितीतरी वर उडी मारतं. गेम रंगात आला की मशीन अचानक रीस्टार्ट होतं, त्यामागे बऱ्याचदा हीच उडी असते, आणि लोक विंडोजला दोष देत बसतात.

एटीएक्स ३.० आणि ३.१ ही एसएमपीएसची मानकं या उड्या गृहीत धरूनच केली आहेत. त्यांनुसार मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसायला हवा. तुमच्या सुधारित यादीत कार्ड (आरएक्स ९०७०) २२० वॅट आणि प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, म्हणजे स्थिर भार ३६० च्या घरात. त्याला एटीएक्स ३.१ चा ७५० वॅटचा एसएमपीएस घ्या. तो निम्म्या क्षमतेवर शांत चालेल आणि पुढच्या कार्डालाही पुरेल. ८० प्लस गोल्ड ही खूण कार्यक्षमतेची आहे. व्होल्टेज किती स्थिर राहतं किंवा संरक्षण सर्किट वेळेवर काम करतं का, हे ती सांगत नाही. त्यासाठी त्या नेमक्या मॉडेलची सविस्तर चाचणी शोधा.

आठ पिनच्या एका जोडणीला १५० वॅटची मर्यादा असते. कार्डाला अशा दोन जोडण्या असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलचे दोन फाटे लावू नका. १२ व्ही-२x६ प्रकारची (सोळा पिनची नवी) जोडणी असेल तर ती पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, फट दिसता कामा नये, आणि केबल तोंडापाशीच वाकवू नका. आणि जुन्या मॉड्युलर (सुट्या केबलच्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला कधीही लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडचं टोक प्रत्येक कंपनीचं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचंही वेगळं. प्लग बसतो, पण पिनवर व्होल्टेज भलतंच येतं आणि एसएसडी, बोर्ड जळतात.

९६००एक्स बरोबर कूलर येत नाही, पण त्याला ३६० चा लिक्विड कूलर लागतही नाही. एका टॉवरचा साधा एअर कूलर पुष्कळ झाला. अगदी ९८००एक्स३डी ठेवलात तरी दोन टॉवरचा चांगला एअर कूलर त्याला सांभाळतो. मापं मात्र पाहा. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते. दोन टॉवरच्या कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या वर येतो, आणि रॅमला दिव्यांचं उंच कवच असेल तर पंखा वर सरकवावा लागतो. कूलरची उंची तेवढी वाढते आणि बाजूची काच लागत नाही. साधी, बुटक्या कवचाची रॅम घेतली की हा प्रश्नच मिटतो.

लिक्विड कूलर हवाच असेल तर आणखी एक हिशेब. तुमच्या कॅबिनेटात ३४० मिलिमीटरपर्यंतचं कार्ड बसतं असं लिहिलंय. रेडिएटर पुढे लावला की त्याची जाडी २७ आणि पंख्यांची २५, असे ५२ मिलिमीटर गेले. उरले २८८. छोटं ५०६० बसलं असतं, तीन पंख्यांची बरीचशी मोठी कार्डं बसणार नाहीत. तसंही हे कॅबिनेट मी घेणार नाही. समोर सलग काच आणि हवेला बाजूची बारीक फट, म्हणजे २२० वॅटचं कार्ड स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसणार. समोर जाळी असलेलं घ्या, पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. कार्ड थंड राहील आणि आवाजही कमी होईल.

एसएसडी: जेन ५ नको. जेन ४ ची १ किंवा २ टीबी घ्या. गेम सुरू व्हायला लागणाऱ्या वेळात दोघांत फार फरक नाही, जेन ५ तापते मात्र जास्त.

जोडून झाल्यावर तीन गोष्टी तपासा. मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे ना, बोर्डाला नाही. बायोसमध्ये एक्स्पो चालू केलं ना; नाहीतर ६००० ची रॅम मूळ कमी वेगावरच चालत राहते आणि कोणी सांगत नाही. विंडोजमध्ये रिफ्रेश रेट १६५ केला ना, कारण बऱ्याचदा तो ६० वर असतो. त्यानंतर गेममध्ये एफपीएस मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद ठेवून आफ्टरबर्नरसारख्या साधनाने कार्डाचा वापर पाहा. ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, हवं तसंच आहे. ७० वर रेंगाळत असेल तर प्रोसेसर अडवतोय. अशा वेळी प्रोसेसरचा वापर ४० टक्के दिसला म्हणून फसू नका: तो सगळ्या कोअरची सरासरी असतो, आणि गेमचा मुख्य धागा (थ्रेड, म्हणजे एका ओळीत चालणारं काम) एकाच कोअरवर तुडुंब भरलेला असू शकतो. शंका असेल तर रिझोल्यूशन एकदम खाली आणून पाहा. एफपीएस वाढले नाहीत तर अडथळा प्रोसेसरचाच.

दोन-तीन वर्षांनी काय, याचं उत्तर यातच आहे. एएम५ या तुमच्या बोर्डावरच्या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही पाठबळ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. तेव्हा गेम जड झाले आणि वरच्या तपासणीत कार्ड रिकामं बसलेलं दिसलं, तर बोर्ड आणि रॅम तीच ठेवून फक्त प्रोसेसर काढून एक्स३डी लावा. त्याआधी बायोस अपडेट करा आणि कूलर त्याला पुरेल का ते पाहा. कार्ड ९९ टक्क्यांवर असूनही एफपीएस कमी पडत असतील तर कार्ड बदला, ७५० वॅटमध्ये त्याला जागा ठेवलेली आहे. आज मात्र प्रोसेसर, बोर्ड, कूलर आणि एसएसडी यांतून सुटणारा सगळा पैसा आधी एसएमपीएसला द्या आणि उरलेला ग्राफिक्स कार्डाला.